साडेसोळा मिलिमीटरवर एकशेपंचवीस

ब्रिटिश रेल्वेच्या मार्क ३ डब्याच्या दारांजवळ, वरच्या अंगाला, एक छोटा नारिंगी दिवा असतो. दारांची कुलपं उघडी आहेत की लागली आहेत, हे फलाटावरून कळावं म्हणून तो बसवलेला आहे. सत्तरच्या दशकात हे डबे धावू लागले तेव्हा तो नव्हता. तेव्हा प्रवासी दाराची काच खाली सरकवायचा, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायचा. गाडी वेगात असली तरी दार उघडायचं. माणसं पडली, जीव गेले, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सगळ्या दारांना एकाच जागेवरून लागणारी कुलपं आली. दिवा त्यांच्याबरोबर आला.

टेबलावरच्या मॉडेलमध्ये हा दिवा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असतो. तरीही मूळच्या निळ्या-करड्या रंगातल्या डब्यावर तो दिसला, की जाणकाराची नजर तिथेच अडते. रंग सत्तरच्या दशकातला आणि दिवा नव्वदच्या! ब्रिटिश रेल्वेच्या काळात अशी गाडी कुठल्याच स्थानकात आलेली नाही. आधुनिक ब्रिटिश गाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांचं सगळं शास्त्र या दिव्याभोवती उभं आहे असं मला वाटतं. अचूक मॉडेल गाडीचं नसतंच. ते त्या गाडीच्या एका विशिष्ट दिवसाचं असतं.

हे समजून घ्यायला इंटरसिटी १२५ सारखी दुसरी गाडी नाही. तिचं कारखान्यातलं नाव एचएसटी, म्हणजे हाय स्पीड ट्रेन. वळणावर झुकणारी एपीटी ही ब्रिटिश रेल्वेची महत्त्वाकांक्षी गाडी रखडत होती. तोवर हाती असलेल्या रुळांवर, असलेल्या सिग्नलांच्या अंतरात थांबू शकेल अशी वेगवान डिझेल गाडी हवी होती. टेरी मिलर यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी ती थोडक्या काळात उभी केली. दोन टोकांना दोन इंजिनं, प्रत्येकी २,२५० अश्वशक्तीची, मध्ये सात-आठ डबे, आणि वेग ताशी १२५ मैल, म्हणजे २०१ किलोमीटर. नमुना गाडी १९७२ ला तयार झाली. ४ ऑक्टोबर १९७६ पासून लंडनच्या पॅडिंग्टनहून ब्रिस्टल आणि साउथ वेल्सकडे प्रवासी घेऊन ती धावू लागली. क्रू इथल्या कारखान्यात १९८२ पर्यंत १९७ इंजिनं बांधली गेली. १ नोव्हेंबर १९८७ ला याच जातीच्या गाडीने ताशी सुमारे २३८ किलोमीटर वेग गाठून डिझेल गाड्यांचा विक्रम केला. तात्पुरती सोय म्हणून आलेली ही गाडी पॅडिंग्टनच्या लांब पल्ल्याच्या सेवेतून गेली ती मे २०१९ मध्ये.

तिचा चेहरा केनेथ ग्रेंज यांचा. केनवुडचं मिक्सर, कोडॅकचा इन्स्टामॅटिक कॅमेरा, पार्करचं २५ पेन या वस्तूंना आकार देणारा हा माणूस. रेल्वेने त्यांना बोलावलं होतं ते फक्त रंगसंगती ठरवायला. ग्रेंजनी मात्र गाडीच्या तोंडाचेच नवे आकार करून ते वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घेतले आणि वरिष्ठांपुढे ठेवले. पुढचे बफर गेले, नाक लांब आणि उतरतं झालं, रुंद काच आली. कुणी सांगितलेलं नसताना केलेलं हे काम ब्रिटनमधल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत बसलं. मॉडेल करणाऱ्याची पहिली परीक्षाही तेच नाक घेतं. वाफेच्या इंजिनावर नळ्या, दांडे, रिबिटं इतकी असतात की एखादी चूक त्यांत लपून जाते. इथे लपायला जागाच नाही. एकच लांब वळसा, आणि तो अर्धा मिलिमीटर फुगला तरी चेहरा परका वाटतो.

आता त्या टेबलाकडे वळू. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त प्रचलित असलेलं प्रमाण म्हणजे ओओ: प्रत्यक्षातल्या एका फुटाला मॉडेलमध्ये ४ मिलिमीटर, म्हणजे १ : ७६.२. खऱ्या रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर, तेव्हा मॉडेलमध्ये ते १८.८३ हवं. पण ओओचे रूळ १६.५ मिलिमीटरवर असतात. युरोपातल्या एचओ प्रमाणाला, फुटाला साडेतीन मिलिमीटर या हिशोबाला, हेच रूळ चपखल बसतात. ब्रिटनमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकातले पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून तिथल्या गाड्याही अंगाने लहान. १९२० च्या दशकातल्या विजेच्या मोटारी साडेतीनच्या प्रमाणातल्या ब्रिटिश इंजिनात मावेनात. मग इंजिन चारच्या प्रमाणात मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. शंभर वर्षं होत आली, मोटारी बोटाच्या पेराएवढ्या झाल्या, तरी रूळ तिथेच आहेत. ओओचा रूळ खऱ्या मापात धरला तर १,२५७ मिलिमीटरचा होतो, जवळजवळ १८ सेंटिमीटर अरुंद. समोरून पाहिलं की गाडी पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते.

ज्यांना हे सोसवेना त्यांनी आपले मार्ग काढले. ईएम गेजवाले १८.२ मिलिमीटरवर गेले. साठच्या दशकात पी४ चं मानक आलं, ते थेट १८.८३ चं, चाकांच्या कडाही तितक्याच बारीक. पी४ मध्ये गाडी रुळावर टिकवायची तर रूळ स्वतः हाताने घालावे लागतात, दर चाकाला किंचित वरखाली होण्याची मोकळीक द्यावी लागते. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण १६.५ वर राहून नारिंगी दिव्यासाठी रात्र घालवणाऱ्या माणसाला खोटा ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. कुठे तडजोड केली हे ज्याला ठाऊक आहे आणि ती मान्य करून जो उरलेल्या सगळ्या ठिकाणी काटेकोर राहतो, त्याचं कामही सच्चंच आहे. आपल्याकडच्या हौशी मंडळींची तडजोड तर याहून मोठी. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. एचओच्या प्रमाणात रूळ १९ मिलिमीटरच्या वर हवेत, पण बाजारात मिळतात ते साडेसोळाचेच, आणि भारतीय इंजिन त्यांवरच चालवावं लागतं.

तारखेचा प्रश्न मात्र तडजोडीने सुटत नाही. ब्रिटिश इंजिनाचा क्रमांक पाच अंकी असतो. पहिले दोन अंक त्याच्या वर्गाचे, पुढचे तीन त्याचे स्वतःचे. एचएसटीचं इंजिन वर्ग ४३ मधलं, म्हणून ४३००२ पासून ४३१९८ पर्यंत. क्रमांक कळला की गाडीचं चरित्र उघडतं. सुरुवातीला सगळ्यांत पॅक्समन कंपनीचं व्हॅलेंटा इंजिन होतं, सुटताना काळा धूर ओकणारं आणि टर्बोचार्जरच्या किंकाळीने फलाट भरून टाकणारं. २००० च्या दशकाच्या मध्यापासून बहुतेक ठिकाणी जर्मन एमटीयू इंजिनं बसली. आवाज खाली आला, धूर विरळ झाला आणि छतावरची धूर निघण्याची जागा बदलली. काही इंजिनांत तिसऱ्याच जातीचं पॅक्समन व्हीपी१८५ बसलं. म्हणजे वरून पाहिलं तर छतं निरनिराळी. ईशान्येकडच्या मार्गावर इंजिन बदललं की क्रमांकात २०० मिळवले जात. ४३०९५ चं झालं ४३२९५. जुन्या छतावर ४३२९५ लिहिणं म्हणजे माणसाच्या बारशाच्या फोटोखाली त्याच्या निवृत्तीची तारीख टाकणं.

बफरांची गोष्ट याहून मजेची. ग्रेंजनी काढलेले बफर आठ इंजिनांना परत बसले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पूर्व किनाऱ्याच्या मार्गावर विजेची वर्ग ९१ इंजिनं आली, पण त्यांचे मार्क ४ डबे तयार नव्हते. तोवर गाडीच्या दुसऱ्या टोकाला चालकाची खोली म्हणून एचएसटीची काही इंजिनं वापरायची ठरलं, आणि त्यासाठी त्यांचं नाक कापून बफर लावले. ४३०१३ आणि ४३०१४ ही त्यांतलीच. पुढे ती नेटवर्क रेलच्या पिवळ्या मोजणी गाडीला जोडली गेली आणि रुळांची तपासणी करत देशभर फिरली. ज्याला आपल्या मॉडेलवर बफर हवेत त्याला या आठांतलाच क्रमांक घ्यावा लागतो. दुसरी वाट नाही.

डब्यांचंही असंच. एचएसटीचा मार्क ३ डबा आणि साध्या विजेच्या इंजिनामागे लागणारा मार्क ३ डबा दुरून जुळे भाऊ. पण एचएसटीच्या डब्याला बफर नाहीत आणि त्याला वीज टोकाच्या इंजिनाकडून थेट वापरण्याजोगी येते. म्हणून पोटाखालच्या पेट्यांची मांडणी वेगळी. मॉडेल उलटं करून पाहणारे लोक हेच पाहत असतात. त्या डब्याची लांबी २३ मीटर, मॉडेलमध्ये ३०२ मिलिमीटर. हॉर्नबी कंपनीचे सुरुवातीचे मार्क ३ डबे खऱ्यापेक्षा आखूड होते, मुलांच्या घट्ट वळणांवरून जावेत म्हणून. बाजूच्या आठ मोठ्या खिडक्यांपैकी एक त्यांत कमी झालेली. २००८ मध्ये त्याच कंपनीने वर्ग ४३ चं नवं इंजिन आणलं तेव्हा छतांचे वेगवेगळे प्रकारही सोबत आले. ग्राहक छत ओळखू लागला होता. वाफेच्या आठवणींवर पोसलेल्या या छंदात डिझेलवाल्यांना दुय्यम मानलं जाई, तेव्हा डिझेल अँड इलेक्ट्रिक मॉडेलर्स युनायटेड या संस्थेने चिकाटीने ही नजर घडवली, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं.

खरी अडचण घराची आहे. दोन इंजिनं आणि आठ डबे जोडले की गाडी २ मीटर ९० सेंटिमीटरची होते. तिला उभं राहायला फलाट हवा, वळायला वर्तुळ हवं. खेळण्याच्या रुळांचं नेहमीचं वळण ४३८ मिलिमीटर त्रिज्येचं. खऱ्या मापात ते ३३ मीटरचं झालं. खऱ्या मुख्य मार्गावरचं २ किलोमीटर त्रिज्येचं वळण मॉडेलमध्ये आणायचं तर २६ मीटर त्रिज्या लागेल, आणि एवढी खोली इंग्लंडात कुणाकडे नाही. म्हणून पुढे दिसणारा भाग जवळजवळ सरळ ठेवायचा, घट्ट वळणं डोंगर-पुलांआड लपवायची. डब्यांमधली फट वळणावर रुंदावते आणि सरळ मार्गावर मिटते, अशी सरकती जोडणी आता मॉडेलांना असते. माझ्या मते गेल्या तीस वर्षांत या छंदाला मिळालेली ती सर्वांत मोलाची देणगी. दोन डब्यांमध्ये बोटभर उजेड दिसला की उरलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

ज्यांच्याकडे जागा कमी, त्यांना इतिहासानेच एक दार उघडून दिलं. २०१८ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात एचएसटी चार-पाच डब्यांवर आणून चालवल्या गेल्या. दारंही बदलून आपोआप सरकणारी झाली. दोन इंजिनं आणि चार डबे, सगळं मिळून पावणेदोन मीटरच्या आत. पूर्वी जागेअभावी चार डबे लावणाऱ्याला ओशाळायला व्हायचं. आता तेवढीच गाडी खरी आहे, फक्त तारीख २०१८ च्या पुढची धरायची आणि दारं बदलायची.

रंगाचं काम संयमाचं. प्लास्टिकची भिंत एक मिलिमीटर जाड असली तरी खऱ्या मापात ती साडेसात सेंटिमीटर होते, त्यामुळे काचा खोल गेलेल्या दिसतात. म्हणून बारीक कापलेल्या काचा बाहेरच्या पृष्ठभागाशी सपाट बसवतात. मग जुना रंग काढणं, अस्तर, पट्टीने झाकून एकेक छटा फवारणं, क्रमांकांची छापील चिकटचित्रं, वर रोगण. रंगाच्या डब्यातला निळा तसाच वापरला तर लहान वस्तूवर तो गडद वाटतो, म्हणून जाणते लोक त्यात थोडा पांढरा किंवा करडा मिसळतात. किती, याचं सूत्र नाही. ते डोळ्याने ठरतं आणि दिव्याखाली नाही, उन्हात ठरवायचं.

आणि शेवटी मळ. इथे बहुतेक जण घाई करतात आणि गाडीवर सरसकट तपकिरी धूळ उडवतात. खऱ्या गाडीला यार्डात धुण्याचं यंत्र असतं. त्याचे ब्रश बाजू घासतात, पण छतापर्यंत पोचत नाहीत, नाकाच्या वळशात शिरत नाहीत, दाराच्या मुठीमागच्या खळग्यात तर मुळीच नाही. म्हणून बाजू चकचकीत, खळगे काळे. इंजिन पुढे असताना धूर मागे वाहतो, तेव्हा त्याला लागून असलेल्या डब्याचं छत मधल्या डब्यांपेक्षा काळं. चाकांजवळ ब्रेकच्या भुकटीचा तांबूस थर. पिवळ्या नाकावर उन्हाळ्यातले चिरडलेले किडे. गाडी कुठल्या मार्गावर, कुठल्या ऋतूत आणि धुलाईनंतर किती दिवसांनी पाहिली, हे सगळं या मळात असतं. चांगला मॉडेल करणारा त्यासाठी तारीख लिहिलेले फोटो जमवतो, दोन्ही बाजूंचे, आणि छताचा एक तरी, पुलावरून घेतलेला.

आता एचएसटीची जागा हिताचीच्या वर्ग ८०० ने घेतली आहे. डबा २६ मीटरचा, मॉडेलमध्ये ३४१ मिलिमीटर, नऊ डब्यांची गाडी तीन मीटरच्या वर. छतावर वीज घेणारा पेंटोग्राफ, डब्याच्या तळाखाली डिझेल इंजिन, कारण पश्चिमेकडचं विद्युतीकरण अर्ध्यावर थांबलं. मॉडेलच्या घट्ट वळणावर या डब्यांची टोकं फलाटाला घासतात, तेव्हा फलाट मागे सरकवावे लागतात. नव्या पिढीचे प्रश्न सुरू झाले आहेत. एचएसटीची काही इंजिनं तर समुद्र ओलांडून मेक्सिकोत धावायला गेली, आणि ज्याला तीच हवी त्याला आता स्पॅनिश अक्षरांची चिकटचित्रं करावी लागतील.

मालिकेतलं पहिलं इंजिन, ४३००२, यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. २०१६ मध्ये त्याला पुन्हा मूळचा निळा आणि पिवळा रंग दिला आणि केनेथ ग्रेंज यांचं नाव दिलं. पण त्याच्या पोटात बसवलेलं इंजिन एमटीयूचं आणि छतही त्याच इंजिनाला जुळणारं. म्हणजे अंगावर १९७६ आणि डोक्यावर एकविसावं शतक. यॉर्कला जाऊन त्याचे फोटो काढणाऱ्याने ते जसंच्या तसं केलं, तर मॉडेल अगदी बरोबर असेल, फक्त त्याची तारीख २०१६ नंतरची. ज्याला ऑक्टोबर १९७६ चं पॅडिंग्टन हवं आहे, त्याने रंग यॉर्कहून घ्यावा, छत मात्र जुन्या फोटोंवरून करावं आणि आतल्या छोट्या स्पीकरमध्ये व्हॅलेंटाची किंकाळी भरावी.