हेडफोनमध्ये भारी, वरातीत कोरस गायब! क्लिपर आणि वायडनर प्लगिन घेण्याआधी कसे तपासायचे?

मंडळी, समजा जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या (हो, यादवकाळातल्या मंदिरांसाठी ओळखलं जाणारं तेच चारठाणा) एका पोरानं घरच्या लॅपटॉपवर गाणं बनवलं. हेडफोनमध्ये ते एकदम भारी वाजतंय. हलगी छातीवर येते, कोरस दोन्ही कानांच्या बाहेरून ऐकू येतो. चार दिवसांनी तेच गाणं वरातीत डीजेवर लागतं आणि कोरस चक्क गायब! हलगीचा ठोकाही मऊ पडलेला. पोरगा डीजेवाल्यावर चिडतो. पण डीजेवाल्यानं काहीच केलेलं नसतं. बऱ्याचदा हा प्रताप दोन प्लगिनचा असतो: क्लिपर आणि स्टिरिओ वायडनर.

प्लगिन म्हणजे एफएल स्टुडिओ, क्युबेस किंवा रीपरसारख्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. हे दोन प्रकार सध्या खूप खपतात, कारण दोन्ही लावल्या लावल्या गाणं 'मोठं' वाटतं. खरी गोची तिथंच आहे.

क्लिपर काय कापतो?

हलगीवर काठी पडली की आवाजाचं एक टोक काही मिलिसेकंदांपुरतं उंच उसळतं आणि लगेच खाली येतं. डिजिटल फाईलला वरची हद्द असते, शून्य डेसिबल. ती हद्द हे एकटं टोक अडवून बसतं, त्यामुळं बाकीचं गाणं वर उचलता येत नाही. क्लिपर ते टोक सरळ छाटून टाकतो. छाटणी इतकी थोडा वेळ चालते की २-३ डेसिबल गेले तरी कानाला सहसा कळत नाही, आणि अख्खं गाणं तेवढंच वर उचलता येतं. लिमिटर वेगळ्या पद्धतीनं काम करतो. तो टोक आलं की आवाज दाबतो आणि मग हळूहळू सोडतो. त्यामुळं दर ठोक्याला गायकाचा आवाजही बसल्यासारखा होतो. म्हणून हलगी, ढोलकी, संबळ, ताशा यांच्यासाठी क्लिपर खरंच कामाचा आहे.

हार्मोनियम, सनई आणि गळा यांचं मात्र तसं नाही. त्यांचा सूर लांबतो, म्हणजे छाटणीही लांबते आणि खरखर ऐकू येते. त्यामुळं क्लिपर अख्ख्या गाण्यावर लावण्यापेक्षा तालवाद्यांच्या ट्रॅकवर लावलेला बरा.

आता तपासायचं कसं? पहिली अट: दोन्ही आवाज समान पातळीवर आणा. जरा मोठा आवाज माणसाच्या कानाला 'चांगला' वाटतो, आणि प्लगिन सुरू केला की आवाज बहुतेक वेळा वाढलेलाच असतो. यूलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती घ्या. प्लगिन चालू आणि बंद असताना आकडा सारखा येईपर्यंत प्लगिनचं आउटपुट कमी करा. मग डोळे मिटा आणि मित्राला चालू-बंद करायला सांगा. यूट्यूबवरच्या कौतुकातले निम्मे प्लगिन या एकाच चाचणीत साधे वाटायला लागतात.

दुसरी चाचणी जरा किचकट आहे, पण मजेची आहे. छाटलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतले नवे सूर तयार होतात. ५,००० हर्ट्‌झचा सूर छाटला तर १५,०००, २५,०००, ३५,००० असे. पण सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या फाईलमध्ये २२,०५० हर्ट्‌झच्या वरचं काही मावत नाही. मग वरचे सूर उलटे दुमडून खाली येतात. ३५,००० चा सूर ९,१०० वर येऊन बसतो, आणि ९,१०० चा ५,००० शी सुराचं काहीच नातं नाही. कानाला ती कचकच वाटते. म्हणून क्लिपरमधून ५,००० हर्ट्‌झचा साधा सूर सोडा आणि व्होक्सेंगोच्या मोफत स्पॅनमध्ये आलेख बघा. ९,१०० वर काटा उभा राहिला की समजायचं, हा क्लिपर ओव्हरसॅम्पलिंग करत नाही किंवा ते बंद आहे. ते वाढवलं की काटा खाली बसायला हवा. लॅपटॉप मात्र जरा धापा टाकेल.

आणि एवढा आवाज वाढवून मिळतं काय? यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएस ही पातळी धरून जास्त मोठी गाणी स्वतःच खाली आणतं. तुम्ही छाटून छाटून उणे ८ पर्यंत नेलं, तर ते सुमारे ६ डेसिबल खाली येणार. ठोक्याची धार गेली ती गेलीच. खात्री करायची असेल तर संगणकावर व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथं गाणं किती खाली आणलंय ते दिसतं. पेन ड्राइव्हवरून वाजणाऱ्या गाण्याला असं कुणी खाली आणत नाही, हे खरं. पण पूर्ण छाटून चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट शक्ती असते, आणि ती स्पीकरच्या कॉइलला तापवते. अनुभवी डीजेवाला असं गाणं आलं की स्वतःच आवाज खाली घेतो. (२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हा विषय तर वेगळाच!)

कोरस गेला कुठं?

आता वायडनरकडे येऊ. स्टिरिओचं पेटंट ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ मध्ये दाखल केलं. डाव्या-उजव्या आवाजाकडं बघायची एक वेगळी रीत त्यात आहे. दोन्हींची बेरीज म्हणजे 'मधला' आवाज आणि वजाबाकी म्हणजे 'कडेचा'. बरेच वायडनर हा कडेचा भाग वाढवतात. गाणं मोनोत वाजलं की डावं-उजवं एकत्र होतं आणि कडेचा भाग पूर्ण शून्य होतो. थोडा कमी नाही, शून्य. जे फक्त कडेला होतं ते संपलंच.

दुसरा प्रकार एका बाजूचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडतो. हेल्मुट हास यानं १९४९ मध्ये असा उशीर कानाला कसा भासतो यावर लिहिलं, म्हणून त्याला हास इफेक्ट म्हणतात. पण १ मिलिसेकंद उशिराची नक्कल मूळ आवाजात मिसळली की ५००, १,५००, २,५०० हर्ट्‌झवर खड्डे पडतात, आणि गळ्याचा आवाज नेमका याच पट्ट्यात असतो. बादलीत तोंड घालून गायल्यासारखं ऐकू येतं.

'आता मोनो कोण ऐकतं?' असं वाटेल. चारठाण्यासारख्या गावात खूप जण ऐकतात. देवळावरचा कर्णा मोनो, खिशातला छोटा ब्लूटूथ स्पीकर मोनो. वरातीतल्या स्पीकरच्या भिंतीलाही बऱ्याचदा मोनो जोडणी असते, कारण रस्त्याच्या उजवीकडं नाचणाऱ्याला डावीकडची हलगी ऐकू आली पाहिजे. अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी लॉस एंजलिसजवळच्या सोनी स्कोरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. त्या गाण्यांनाही वरातीत याच मोनो भिंतीतून जावं लागतं.

म्हणून वायडनरची चाचणी म्हणजे मोनोचं बटण. आवाज आधीसारखाच समान पातळीवर आणा, गाणं मोनोत टाका आणि फक्त शब्द आणि कोरस ऐका. स्पॅनमध्ये कोरिलेशन मीटरही आहे. +१ म्हणजे दोन्ही बाजू एकसारख्या, उणे १ म्हणजे एकमेकींना पुसणाऱ्या. काटा वारंवार शून्याखाली जात असेल तर रुंदी कमी करा. ढोल आणि बास तर वायडनरमधून जाऊच देऊ नका. पैसे द्यायच्या आधी आयझोटोपचा मोफत ओझोन इमेजर वापरून बघा. पॉलिव्हर्सचा वायडरही मोफत आहे आणि मोनोत मूळ आवाज शाबूत राहावा अशा बेतानंच तो बनवलेला आहे. दोन्ही त्याच गाण्यावर, त्याच मोनो बटणावर तपासा.

आणि कोरस रुंदच हवा असेल तर प्लगिनशिवायही एक जुनी युक्ती आहे. गायकांकडून तीच ओळ दोनदा गाऊन घ्या, एक घेतलेली डावीकडं, दुसरी उजवीकडं. दोन वेळचं गाणं कधीच तंतोतंत जुळत नाही, म्हणून स्टिरिओत ते रुंद वाटतं. मोनोत एकत्र आलं तरी ते एकमेकांना पुसत नाही, फक्त चार गळ्यांचे आठ झाल्यासारखं ऐकू येतं.