विश्लेषण : नाटक पडद्यावर आले की प्रेमकथेचा शेवट का बदलतो?

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात फुले विकणारी एलायझा आणि तिला उच्चभ्रूंची भाषा शिकवणारा प्राध्यापक हिगिन्स एकत्र येत नाहीत. १९३८ च्या चित्रपटात मात्र ती त्याच्याकडे परतते. शॉ यांना हे मान्य नव्हते. तरीही याच चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. हे कसे घडले?

मूळ नाटकाचा शेवट काय?

हे नाटक १९१३ मध्ये व्हिएन्नात आणि १९१४ मध्ये लंडनमध्ये रंगमंचावर आले. शॉ यांनी त्याला ‘रोमान्स’ म्हटले, पण ते प्रेमकथा या अर्थाने नव्हे, तर फुलवालीचा असा कायापालट ही नवलाची गोष्ट म्हणून. शेवटी एलायझा हिगिन्सला खडे बोल सुनावून निघून जाते. लंडनच्या प्रयोगांत मात्र हिगिन्स साकारणारे हर्बर्ट बीअरबोम ट्री पडदा पडताना तिच्याकडे फुले फेकू लागले. वैतागलेल्या शॉ यांनी १९१६ च्या पुस्तकात उपसंहार जोडला आणि एलायझा फ्रेडी या तरुणाशी लग्न करते, हे स्पष्टच लिहिले.

चित्रपटासाठी काय बदलावे लागले?

नाटकात एलायझाची खरी परीक्षा, म्हणजे बड्या लोकांची मेजवानी, दिसतच नाही. चौथा अंक सुरू होतो तो मंडळी घरी परतल्यावर. रंगमंचावर हे संवादांतून भागते. पडद्यावर प्रेक्षकाला ती रात्र पाहायची असते. त्यामुळे शॉ यांनी समारंभाचा प्रसंग नव्याने लिहिला. उच्चाराचे धडेही पडद्यावर सविस्तर आले. संकलक होते पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेले डेव्हिड लीन.

शेवट कोणी बदलला?

चित्रपटासाठी शॉ यांनी फ्रेडी आणि एलायझाच्या फुलांच्या दुकानाचा शेवट लिहून दिला होता. निर्माते गॅब्रिएल पास्कल यांनी वेगळाच चित्रित केला : एलायझा परत येते आणि हिगिन्स तिला आपल्या सपाता कुठे आहेत, असे विचारतो. शॉ यांना हे कळले ते तयार चित्रपट पाहताना.

यामागे व्यवसायाचे गणित होते, तसे कॅमेऱ्याचेही. लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर यांचे चेहरे दीड तास जवळून पाहिल्यावर त्यांची ताटातूट प्रेक्षकांच्या पचनी पडणे अवघड होते. पुढे ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेने (१९५६) आणि आठ ऑस्कर पटकावणाऱ्या तिच्या चित्रपटाने (१९६४) शॉ यांचा नव्हे, पास्कल यांचाच शेवट उचलला.

मराठीशी नाते काय?

पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये हेच नाटक ‘ती फुलराणी’ म्हणून मराठी मातीत रुजवले. भक्ती बर्वे यांची मंजुळा अजरामर झाली. २०२३ मध्ये सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर यांचा ‘फुलराणी’ चित्रपट आला.

मग बिघडले कुठे?

भाषा बदलली, राहणी बदलली, आता मी जायचे कुठे आणि करायचे काय, हा एलायझाचा प्रश्न नाटकाचा गाभा आहे. शॉ यांच्या एलायझाला त्याचे उत्तर स्वतः शोधावे लागते. सपाता मागणाऱ्या माणसाकडे तिला परत पाठवले की जोडी जमते, पण तिचा प्रश्न तसाच राहतो.