घरच्या घरी योगाश्रम

चार दिवस कुठे तरी डोंगराच्या कुशीत जाऊन राहावे, पहाटे उठून योगासने करावीत, असे ज्याच्या मनात येत नाही असा संसारी माणूस विरळाच. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम आहे. तेथे राहून शिकण्याची सोयही आहे. पण मुलांचे क्लास, घरातली म्हातारी माणसे आणि महिन्याचा हिशेब यांतून पाय निघत नाही. मग आश्रमच दोन दिवस घरी आणला तर?

मी मराठी शिकवणारी; तेव्हा जागेची चौकशी पोथ्यांकडे केली. ‘हठयोगप्रदीपिके’त स्वात्मारामाने योग्याची मठी सांगितली आहे : दार लहान, खिडकी नाही, जमीन शेणाने सारवलेली, बाहेर विहीर. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नको, फार सखल नको, असे थोडक्यात आहे. त्यावर लिहिताना ज्ञानेश्वरांनी मात्र हात सैल सोडला आहे. निर्मळ झरे, फळांनी लवलेली झाडे, कोवळे ऊन, सगळीकडे नि:शब्द. मोर कधीमधी आलेच तर त्यांनाही त्यांची ना नाही! आमच्या सोसायटीत मोर नाहीत. कबुतरे आहेत, आणि ती कुणाची ना ऐकत नाहीत.

जागेचे फारसे अडत नाही. सतरंजी पसरून हातपाय लांबवता आले की मठी झाली. पहाटे रिकाम्या पोटी आसने, मग थोडा प्राणायाम, शेवटी शवासन. दुपारी मुगाची खिचडी आणि ताक. गीतेने अति खाणाऱ्याला योग नाकारला आहे, तसा उपाशी राहणाऱ्यालाही. म्हणून उपासाचा हट्ट नको. मोबाईल कपाटात. दोन तास मौन. रक्तदाबाचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये, आणि नवशिक्याने शिक्षकाशिवाय तर नाहीच नाही.

खरी अडचण पुढेच आहे. ज्ञानेश्वरांच्या त्या वनात फळे झाडावरच पिकतात. कुकर लावावा लागत नाही. घरात मात्र एकाच्या शांततेसाठी दुसरे कुणी तरी ओट्याशी उभे असते. ते कोण, हे वाचक भगिनींना सांगायला नको! यजमान डोळे मिटून बसले म्हणजे सारे घर चवड्यावर चालते. गृहिणीने डोळे मिटले, की मिठाचा डबा कुठे आहे हे नेमके तेव्हाच कुणाला तरी विचारायचे असते.

म्हणून आमच्या घरी एक नियम केला. पहिला दिवस माझा, दुसरा यांचा. ज्याचा दिवस नाही त्याने दूध, दाराची घंटा, आजेसासूबाईंची औषधे आणि खिचडीही सांभाळायची. पहिल्या सकाळी घंटा वाजली आणि सवयीने मी उठून बसले. बाहेरून आवाज आला, “तू पड, मी बघतो.” त्यानंतरचे शवासन जसे लागले, तसे एरवी कधी लागले नव्हते. खिचडी जराशी लागली होती, पण मौन असल्यामुळे तीही गोडच म्हणायची.

फराळाचे डबे रिकामे झाले, की असा एक दिवस आपणही ठरवून पाहा. आसने कोणती करायची ते मागाहून ठरवता येईल. त्या सकाळचा चहा कोण करणार, तेवढे मात्र आदल्या रात्रीच ठरवून टाका.