शिंदळ माकुडी आणि तिचा कडा

कशेळ्याहून पूर्वेला पाहिले की भीमाशंकरच्या डोंगराची भिंत दिसते. तिच्यापलीकडे, जुन्नरच्या अंगाला, कातळाच्या फटींतून एक मांसल झुडूप लोंबते. त्याचे नाव शिंदळ माकुडी. (चारचौघांत उच्चारायला संकोच वाटावा असे नाव, पण त्यात झाडाचा काय दोष?)

कागदोपत्री ती फ्रेरिया इंडिका. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी डाल्झेल यांनी तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिला दिले. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गतः उगवत नाही. शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी ती आढळते.

तिच्या जवळच्या नातलगांना खरी पाने नसतातच, हिला मात्र पावसाळ्यात भरघोस पाने येतात. 1977 साली लांगे आणि झुबर या जर्मन अभ्यासकांनी दाखवले की या एकाच झाडात दोन चुली आहेत. पाने साध्या झाडांसारखी दिवसा हवा घेतात. मांसल खोड निवडुंगासारखे रात्री हवा घेऊन ठेवते आणि दिवसा उन्हात वापरते. पाऊस सरला की पाने गळतात आणि खोड एकटे उन्हाळा काढते.

एका पुणेकर स्नेह्याने बागेत वाढवलेल्या रोपाच्या दोन कांड्या दिल्या होत्या. मी त्या अंगणातल्या काळ्या मातीत लावल्या. श्रावणातच त्या कुजल्या. मी पाणी साठवणाऱ्या खोडाचाच विचार करत बसलो होतो, पाणी टिकू न देणाऱ्या कड्याचा नाही. उभ्या कातळावर पाऊस कितीही कोसळो, फटीतल्या मूठभर मातीत तो थांबत नाही. पुढे खडी आणि विटांचा चुरा भरलेली कुंडी वळचणीबाहेर तिरकी टांगली. तिथे ती जगली.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गडद तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची चांदणी फुले येतात. परागण माश्या करतात. रुईच्याच कुळातली असल्याने बीही तसेच, केसांच्या झुपक्यावर उडणारे.

कांडीवर सहज येते म्हणून परदेशी हौशी मंडळींच्या काचघरांतही ती आहे. पण कांडीचे रोप म्हणजे त्याच झाडाची पुन्हा एक प्रत. कड्यावर बी रुजावे लागते, आणि त्याआधी फटीत माती साचावी लागते. शेळीचे तोंड पोचत नाही तिथे ती उरली आहे. वणवा मात्र वाळल्या गवताला धरून तिथेही चढतो.