संमोहनवशता आणि अपेक्षा

संमोहन हा संमोहकाच्या अंगच्या सामर्थ्याचा परिणाम होय, या समजुतीला पहिला शास्त्रीय धक्का १७८४ मध्ये बसला. मेस्मरप्रणीत 'प्राणिज चुंबकत्वा'ची परीक्षा करण्यासाठी फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या मंडळात फ्रँक्लिन व लव्हाझिए हे होते. पॅरिसजवळील पासी येथे त्यांनी डोळे बांधलेल्या एका मुलास बागेतील झाडांपाशी क्रमाने नेले. 'चुंबकित' झाड एकच होते. मुलगा मूर्च्छित पडला तो भलत्याच झाडापाशी. मंडळाने याचे कारण 'कल्पना' असे दिले.

कल्पनेचा हा मोघम निर्देश मार्टिन ऑर्न यांच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने नेमका झाला. संमोहित व्यक्तीचा केवळ प्रधान हात ताठरून राहतो, असे विद्यार्थ्यांच्या एका गटास व्याख्यानात सांगण्यात आले. दुसऱ्या गटास सांगितले नव्हते. हे लक्षण ऑर्न यांनी स्वतःच रचलेले होते. पुढे संमोहनावस्थेत पहिल्या गटातील ९ पैकी ५ जणांत ते दिसले, दुसऱ्या गटात एकातही नाही.

भाषाभ्यासकाला याहूनही उद्बोधक वाटावा असा प्रयोग गांधी व ओकली यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. विधी तोच, मात्र एका गटास त्याचे नाव 'संमोहन' असे सांगितले, तर दुसऱ्यास 'शिथिलीकरण'. 'संमोहन' या नावाने सूचनाग्राहकता अधिक वाढली. नाव येथे नुसती खूण न राहता पुढे काय घडावयाचे याची ग्वाही ठरते. सूचनांची वाक्यरचनाही याच दिशेची असते. संमोहक 'हात वर करा' असे सहसा म्हणत नाही. 'हात हलका होऊन आपोआप वर जात आहे' असे म्हणतो. आज्ञार्थ टळतो, ऐकणारा कर्तेपदावरून दूर होतो व हातच कर्ता बनतो. रूपाने हे वर्णन, अर्थाने मात्र भाकीत!

१९८५ मध्ये अर्विंग कर्श यांनी अशा भाकितावरील विश्वासालाच अनैच्छिक प्रतिक्रियेचे निकट कारण मानले. पुढे विकलेस व कर्श यांनी लाल रंग दिसेल अशी सूचना देताना दालनात नकळत लाल छटेचा प्रकाश सोडला. सूचना 'खरी' ठरल्याचा अनुभव आलेल्यांची संमोहनवशता नंतर वाढलेली आढळली.

तथापि अपेक्षेनेच सर्व उलगडा होतो, असे म्हणणे धाडसाचे होईल. स्टॅनफर्ड येथे विद्यार्थिदशेत मापन झालेल्या ५० व्यक्तींचे २५ वर्षांनी पुन्हा मापन केले असता दोन्ही गुणांकांतील सहसंबंध ०.७१ भरला. आता हे स्थैर्य एखाद्या मूळ क्षमतेचे, की पहिल्या अनुभवाने घडलेल्या अपेक्षेचे, याचा निर्णय एवढ्या आकड्यावरून होत नाही.