बृहदांत्रशोथ, चिरकारी आणि ग्लुटेनरहित आहार

मोठ्या आतड्याच्या (बृहदांत्राच्या) आतील श्लेष्मल अस्तराच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्‌भवणाऱ्या दाहयुक्त सुजेस चिरकारी बृहदांत्रशोथ म्हणतात. वारंवार पातळ शौचास होणे, शौचाबरोबर आव किंवा रक्त पडणे, पोटात कळा येणे, शौचाची अनावर घाई होणे, वजन घटणे आणि रक्तक्षय ही याची प्रमुख लक्षणे होत. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनद्रव्याचा आहारातून त्याग केल्यास हा विकार आटोक्यात येतो, अशी समजूत अलीकडे बरीच पसरली आहे. ती काही रुग्णांच्या बाबतीत खरी, तर बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत अपुरी आहे. म्हणून विकार नेमका कोणता, हे ठरविणे चिकित्सेतील पहिली पायरी ठरते.

प्रकार : ‘बृहदांत्रशोथ’ हे एकाच रोगाचे नाव नव्हे. व्रणीय बृहदांत्रशोथात दाह गुदाशयापासून सुरू होऊन अखंडपणे वरच्या दिशेने पसरतो आणि अस्तरावर व्रण पडतात. सॅम्युएल विल्क्स या इंग्रज वैद्यांनी १८५९ मध्ये या विकाराचे वर्णन केले. क्रोन रोगात अन्नमार्गाचा कोणताही भाग तुटक तुटक ग्रासला जातो व दाह आतड्याच्या भित्तीच्या सर्व थरांत शिरतो, बी. बी. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तिसऱ्या प्रकारात अंतर्दर्शकातून आतडे निरोगी दिसते, परंतु अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर दाह आढळतो. या सूक्ष्मदर्शकीय बृहदांत्रशोथात रक्त पडत नाही. पाण्यासारखे जुलाब मात्र महिनोन्‌महिने होत राहतात.

यांखेरीज अमीबाजन्य आमांश, आतड्याचा क्षय आणि जंतुसंसर्ग यांमुळेही तशीच लक्षणे उद्‌भवतात. भारतात हे विकार वारंवार आढळत असल्याने ते नाहीत याची खात्री केल्याशिवाय अन्य निदान पक्के मानता येत नाही. क्षय असता क्रोन रोग समजून दाहशामक स्टेरॉइडे दिल्यास क्षय बळावतो, यावरून या भेदाचे महत्त्व ध्यानात येईल.

ग्लुटेन व सिलिअ‍ॅक रोग : गव्हाच्या पिठात पाणी घालून मळल्यावर त्याला जो चिवटपणा येतो, तो ग्लुटेनमुळे होय. ग्लायाडीन व ग्लुटेनीन हे त्याचे दोन मुख्य घटक आहेत. सातू (बार्ली) व राय या धान्यांतही तत्सम प्रथिने असतात. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींत ही प्रथिने पोटात गेल्यावर शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच आघात करते. त्यामुळे अन्नशोषण करणारे रसांकुर (अस्तरावरील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे) झिजून सपाट होतात व खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. हा सिलिअ‍ॅक रोग होय.

सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये लंडन येथे या रोगाचे वर्णन करून आहारनियमनावर भर दिला होता. परंतु दोष नेमका कोणत्या अन्नाचा, हे तेव्हा उमगले नव्हते. ते व्हिल्लेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात (१९४४–४५) नेदर्लंड्समध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला. पाव पुन्हा मिळू लागल्यावर या रोगाने पीडित मुलांची प्रकृती परत बिघडल्याचे दिसले. डिके यांना गव्हाबद्दल आधीपासूनच संशय होता. १९५० मध्ये उत्रेक्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी तो प्रयोगांनी सिद्ध केला.

भारतात सिलिअ‍ॅक रोगाचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्रीय पाहणीत ते उत्तर भारतात सु. १·२%, तर दक्षिण भारतात सु. ०·१% आढळले. गहू मुख्य अन्न असलेल्या प्रदेशात रोग अधिक दिसतो.

ग्लुटेनत्यागाचा उपयोग : सिलिअ‍ॅक रोगात ग्लुटेनचा आजन्म त्याग हाच खरा उपचार होय. मोठ्या आतड्याच्या विकारांशी त्याचा संबंध दोन प्रकारे येतो. एक म्हणजे सिलिअ‍ॅक रोग आणि सूक्ष्मदर्शकीय बृहदांत्रशोथ हे विकार काही रुग्णांत एकत्र आढळतात. गहू सोडूनही जुलाब थांबत नसतील, तर मोठ्या आतड्याची तपासणी करावी लागते. उलट सूक्ष्मदर्शकीय बृहदांत्रशोथ आढळल्यास सिलिअ‍ॅक रोगाची चाचणी करणे इष्ट असते. दुसरे असे की, व्रणीय बृहदांत्रशोथ अथवा क्रोन रोग असलेल्या काही रुग्णांना गहू सोडल्यावर पोटफुगी व कळा कमी झाल्याचे जाणवते. गव्हात ग्लुटेनशिवाय फ्रुक्टान ही सहज न पचणारी कार्बोहायड्रेटेही असून मोठ्या आतड्यात त्यांचे किण्वन होऊन वायू तयार होतो. त्यामुळे मिळणारा आराम कित्येकदा ग्लुटेन सोडल्याचा नसून फ्रुक्टान कमी झाल्याचा असतो. हा आराम खरा असला, तरी त्यामुळे आतड्यातील व्रण भरून येतात असा पुरावा नाही. बरे वाटू लागताच औषधे बंद केल्यास दाह आतून वाढत राहतो व काही काळाने रोग उलटतो.

निदान : सिलिअ‍ॅक रोगासाठी ऊतकीय ट्रान्सग्लुटामिनेज या एंझाइमाविरुद्धची रक्तातील प्रतिपिंडे मोजतात व आवश्यकतेनुसार आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) अस्तराचा तुकडा तपासतात. या दोन्ही परीक्षा रुग्ण गहू खात असतानाच कराव्या लागतात. गहू आधीच सोडलेला असल्यास प्रतिपिंडे घटतात, अस्तर सुधारते आणि रोग असूनही तो नसल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन त्रास ओढवून घ्यावा लागतो. यास्तव स्वतःच्या मनाने आहार बदलण्यापूर्वी तपासणी करून घेणे श्रेयस्कर असते. बृहदांत्रशोथाच्या निदानासाठी मलपरीक्षा, रक्तपरीक्षा व अंतर्दर्शकाने केलेली मोठ्या आतड्याची पाहणी आवश्यक असते. शौचातून रक्त पडणे, रात्री झोपेतून शौचासाठी उठावे लागणे, ताप आणि वजनातील घट ही लक्षणे असता विलंब करणे धोक्याचे असते.

जव्हार–मोखाडा भागातील आहार : ग्लुटेनरहित आहार म्हणजे दुकानातील महागडे डबाबंद पदार्थ, असा समज शहरांत आढळतो. महाराष्ट्रातील अनेक भागांचा परंपरागत आहार मात्र मुळातच ग्लुटेनरहित आहे. पालघर जिल्ह्यातील (स्थापना १ ऑगस्ट २०१४) जव्हार व मोखाडा हे डोंगराळ तालुके याचे उत्तम उदाहरण होत. १६६४ मधील सुरतेच्या मोहिमेच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम पडल्याची परंपरा सांगितली जाणारे शिरपामाळ हे ठिकाण जव्हारजवळच आहे. या परिसरातील उतारांच्या वरकस जमिनीवर नागली (नाचणी) व वरई, तर खाचरांत भात पिकवितात. नागलीची रोपे राबावर वाढवून पावसाळ्यात त्यांची लावणी करतात. उडीद, तूर व खुरासणी ही येथील इतर पिके होत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी इ. जमातींच्या जेवणात नागलीची भाकरी, आंबील, वरईचा भात, उडदाची आमटी व रानभाज्या असतात. यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. नाचणीच्या १०० ग्रॅ. दाण्यांत सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, हे प्रमाण गव्हापेक्षा कित्येक पट जास्त आहे. दीर्घकाळ स्टेरॉइडे घेणाऱ्या रुग्णांची हाडे ठिसूळ होतात, म्हणून त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळल्याने या धान्यांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

तथापि या चित्राला दुसरी बाजूही आहे. सुगी संपल्यावर येथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसई, ठाणे या भागांत स्थलांतर करतात. तेथे पाव, बिस्किटे असे स्वस्त व तयार पदार्थ पोटात जातात आणि औषधोपचारातही खंड पडतो. मोखाड्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते व दूषित पाण्यामुळे आतड्याचे संसर्ग होतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये कुपोषणामुळे झालेले बालमृत्यू राज्यभर चर्चेचा विषय झाले होते. जेथे अन्नच अपुरे आहे, तेथे दीर्घकालीन जुलाब असणाऱ्या मुलास किंवा प्रौढास ‘हे खाऊ नको, ते खाऊ नको’ असे सांगणे घातक ठरू शकते. कोणतेही धान्य वर्ज्य करावयाचे झाल्यास त्याच्या जागी तितकेच पोषण देणारे दुसरे अन्न हाती देता आले पाहिजे, हा आहारचिकित्सेतील मूलभूत नियम होय.

आहारनियोजन : तांदूळ, नाचणी, वरई (भगर), ज्वारी, बाजरी, मका, राजगिरा, शिंगाडा व सर्व डाळी ग्लुटेनरहित आहेत, त्यामुळे उपवासाचे बहुतेक पदार्थही चालतात. मात्र केवळ साबुदाणा व बटाटा यांवर भर दिल्यास प्रथिने कमी पडतात. गहू, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे आणि सातू हे पदार्थ वर्ज्य होत. छुपे ग्लुटेन ओळखणे अधिक कठीण असते. थालिपिठाच्या भाजणीत व मेतकुटात बहुधा गहू असतो. बाजारातील बांधणी हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते. गव्हानंतर त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारी-नाचणीच्या पिठातही गव्हाचा अंश येतो. म्हणून सिलिअ‍ॅक रुग्णाचे धान्य घरच्या जात्यावर किंवा वेगळ्या घरगुती गिरणीवर दळणे चांगले. वेष्टनावर ‘ग्लुटेनरहित’ असे छापलेल्या पदार्थात ग्लुटेनचे प्रमाण दर किग्रॅ.ला २० मिग्रॅ.पेक्षा अधिक नसावे, असा भारतातही नियम आहे.

बृहदांत्रशोथाचा जोर असताना कोंडायुक्त भाकरी, रानभाज्यांचे चोथट देठ व तिखट पदार्थ सोसत नाहीत. अशा वेळी मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, वस्त्रगाळ नाचणीसत्त्वाची पेज, सोसत असल्यास ताक आणि अंडी असा आहार थोडा थोडा व वारंवार द्यावा. जोर ओसरल्यावर नेहमीच्या आहाराकडे क्रमाने वळावे. जुलाबांनी शरीरातील पाणी घटल्यास उकळून गार केलेल्या १ लि. पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाजावे.

जीवनक्रमातील बदल : मानसिक ताण हे या विकाराचे मूळ कारण नसले, तरी त्यामुळे लक्षणे वाढतात, म्हणून नियमित झोप, बेताचा व्यायाम व ठराविक वेळी जेवण यांचा उपयोग होतो. धूम्रपानाने क्रोन रोग निश्चितपणे बळावतो. अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांनी दाह उफाळू शकतो, त्यामुळे त्या वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कोणत्या अन्नाने त्रास होतो याची दैनंदिन टिपणे ठेवल्यास अनावश्यक पथ्ये टळतात. पिण्याचे पाणी उकळून घेणे व शौचानंतर साबणाने हात धुणे हे नियम संसर्ग टाळण्यास आवश्यक आहेत.

औषधोपचार व फलानुमान : नाना स्वार्ट्‌झ या स्वीडिश विदुषींनी १९४० च्या सुमारास सल्फासालाझीन हे औषध प्रचारात आणले. त्यापासून पुढे आलेली मेसालामीन ही औषधे व्रणीय प्रकारात आजही पायाभूत आहेत. सल्फासालाझिनामुळे फॉलिक अम्लाचे शोषण घटत असल्याने ते पूरक द्यावे लागते. तीव्र अवस्थेत स्टेरॉइडे, त्यांनी भागत नसल्यास प्रतिरक्षादमनकारी व जैविक औषधे आणि क्वचित शस्त्रक्रिया यांचा अवलंब करतात. रोग मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागात ८ ते १० वर्षे टिकल्यास कर्करोगाचा धोका वाढतो. त्यामुळे ठराविक काळाने अंतर्दर्शकीय तपासणी आवश्यक असते.

सिलिअ‍ॅक रोगात पथ्य काटेकोर पाळल्यास लहान आतड्याचे अस्तर बहुधा पूर्ववत होते. व्रणीय बृहदांत्रशोथ व क्रोन रोग हे विकार आहाराने समूळ नाहीसे होत नाहीत. परंतु योग्य औषधे, पुरेसे पोषण व नियमित तपासणी यांच्या साहाय्याने बहुतेक रुग्णांना दीर्घकाळ कामधंदा करून स्वाभाविक आयुष्य जगता येते. पथ्य हे औषधाच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे.