लहान मिळकत आणि वारसांचा मार्ग

घरांतील कर्ता पुरुष निवर्तला, कीं सुतक फिटतें न फिटतें तोंच कागदपत्रांची चिंता उभी राहते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून नोकरीनिमित्त शहरांत आलेल्या कुटुंबांची गांवाकडील मिळकत बहुधा लहान असते : दोन एकर जमीन, बँकेंतील ठेव आणि राहतें घर. तेवढ्यासाठीं मृत्युपत्राचें प्रोबेट घ्यावेंच लागतें, हा समज मुंबईकडून आलेला आहे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यांतील ही सक्ती महाराष्ट्रांत मुंबईंत केलेल्या मृत्युपत्रांपुरती व तेथील स्थावरापुरती होती. गांवींच केलेल्या मृत्युपत्रास व गांवच्या मिळकतीस ती कधींच लागू नव्हती. २०२५ सालीं संसदेनें तें कलमही वगळलें.

प्रोबेट नको, याचा अर्थ कांहींच करावयास नको, असा मात्र नव्हे. प्रत्येक मिळकतीची वाट निराळी आहे. जमिनीसाठीं १९६६ च्या महसूल संहितेप्रमाणें तीन महिन्यांच्या आंत तलाठ्यास, म्हणजे आतांच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, वर्दी द्यावी लागते. फेरफार लिहिला जातो, संबंधितांस नोटीस निघते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

ठेवीवर नामनिर्देशन असेल तर बँक त्या व्यक्तीस रक्कम देते. तें नसल्यास, तंटा नसेल तर, सहकारी बँकेंत ५ लाखांपर्यंत व इतर बँकांत १५ लाखांपर्यंतची रक्कम कोर्टाच्या दाखल्यावांचून द्यावी, अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं घालून दिली. त्याहून मोठ्या रकमेस उत्तराधिकार प्रमाणपत्र लागूं शकतें. परंतु तें येणें व रोखे यांपुरतेंच असतें, जमिनीस उपयोगी नाहीं. वारसपणाच्या सर्वसाधारण दाखल्यासाठीं १८२७ चें मुंबई रेग्युलेशन ८ अद्याप आधारास आहे.

या सोप्या वाटांवर धोका एकच : कागदाला मालकी समजणें. सातबारा ही महसुलाची नोंद आहे. ती मालकी निर्माण करीत नाहीं. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते ती वारसांच्या वतीनें, हें सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालींच स्पष्ट केलें. मृत्युपत्र नसतां हिंदु पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतींत विधवा, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांचा वांटा १९५६ च्या कायद्यानें सारखाच आहे. सासरीं गेलेल्या बहिणीचें नांव वारस-अर्जांत गाळलें, तर नोंद लवकर होते, पण तिचा हक्क बुडत नाहीं. आणि पुढें जमीन विकावयाच्या वेळीं तोच दावा म्हणून उभा राहतो. तिला आपला वांटा सोडावयाचा असेल, तर तो तिनें स्वखुषीनें, नोंदणीकृत हक्कसोडपत्रानें सोडावा. अर्जावर सर्व वारसांचीं नांवें असणें, हेंच लहान मिळकतीचें खरें प्रोबेट होय.